ओंग ता तिठ्यावरचे पंख

आईने पंख हातात घेतला आणि लगेच उलटा केला. पुढची बाजू तिने पाहिलीसुद्धा नाही. अस्तराची कड खिडकीतल्या उजेडात धरली, अंगठ्याच्या नखाने एक टाका किंचित उचलून पाहिला आणि म्हणाली, "हा नवा आहे."

तो तिने मेजाच्या डाव्या कडेला ठेवून दिला.

साऊ खुर्चीत चुळबुळला. "मावशी, नीट बघा की. घाई कसली आहे?"

"नीटच बघतेय. दुसरा दे."

आमच्या भाषेत साऊ म्हणजे सहा. घरातल्या क्रमावरून पडलेलं नाव. खरं नाव बाजारात कोणाला ठाऊक नव्हतं. सायगॉनच्या जुन्या बाजारात त्याचा गाळा होता, अमेरिकन सैन्य इथे होतं त्या लढाईच्या काळातल्या पाण्याच्या बाटल्या, शिरस्त्राणं, लायटर, बिल्ले असला माल तो विकायचा. त्या सकाळी त्याने आमच्या जेवायच्या मेजावर अकरा पंख मांडले होते. वैमानिक छातीवर, खिशाच्या वर लावतात ते पंख. काळ्या कापडावर चांदीच्या जरीने भरलेले, बोटभर लांब, मधोमध तारा. प्रत्येक पंख वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात.

त्याच्या शेजारी हॅस्केल नावाचा अमेरिकन बसला होता. सत्तरीचा, निवृत्त ग्रंथपाल, शर्ट पाठीला चिकटलेला. तो स्वतः कधी सैन्यात नव्हता. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला होता. पण तीस वर्षं त्याने दुसरं काही गोळा केलं नव्हतं. आता तो पुस्तक लिहीत होता: त्या लढाईत कुठला पंख कुठे, कोणाच्या हातून तयार झाला, याचं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मी.

खरं सांगायचं तर, माझी आई त्या पंखांशी काही संबंध ठेवून असेल हे मला दोन दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. ती भरतकाम करायची एवढं ठाऊक होतं. चर्चमधल्या पाद्रींचे झगे, नवरीचे अंगरखे, नंतर सहकारी संस्थेत निर्यातीच्या उशांचे अभ्रे. परवा साऊ एकटाच दोन पोपनस घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "थोआ मावशी, ओंग ता तिठ्यावरच्या, विमानतळाच्या फाटकाजवळच्या दुकानात पंख भरायच्या त्या तुम्हीच ना? म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं. एक परदेशी पाहुणा आणतो. अकरा नग आहेत. तुम्ही फक्त मान हलवायची, की हो, सगळे इथलेच, जुने. बाकी मी बघतो."

आई पालक निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आण. बघते," एवढंच म्हणाली. साऊने त्याचा अर्थ होकार असा घेतला. तो गेल्यावर मी विचारलं, तेव्हा पालकाच्या काड्या मोडत मोडत ती म्हणाली, "हो, केलं ते काम. चौदा वर्षं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू शाळेत जाऊन सांगितलं असतंस."

मेजावर आता डावीकडे चार पंख जमले होते. आई एकेक उलटा करून ठेवत होती आणि साऊचा चेहरा उतरत होता.

"हे चारही नवे," आई म्हणाली. "दोरा नायलॉनचा आहे, आमच्याकडे सुती असायचा. कापड चहात बुडवून जुनं केलंय. वास घ्या, अजून येतो."

मी भाषांतर केलं. हॅस्केलने एक पंख पाकिटातून काढून नाकाशी नेला. मग चारही शांतपणे साऊकडे सरकवले.

उरलेल्या सातांतले दोन आईने मधे ठेवले. "हे हाँगकाँगचे. असले दुकानात खोक्याने यायचे. यंत्राचं काम." आणि पाच उजवीकडे, आपल्या पुढ्यात. "हे आमचे."

हॅस्केलने त्या पाचांकडे पाहिलं आणि तो अवघडल्यासारखा हसला. त्याने एक उचलून पाठीमागची बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी मला दाखवली. जपानी अक्षरं होती. "हे टोकियोचे आहेत," तो म्हणाला. "कृपा करून आईंना सांगा, यात कोणाला शंका नाही. सगळ्यांत उत्तम काम टोकियोचं. सायगॉनचं काम ओबडधोबड असायचं."

मी सांगितलं. 'ओबडधोबड' या शब्दावर जराशी अडखळले, पण सांगितलं.

"ती पट्टी मी शिवलीय," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"दुकानदाराने शहरातल्याच चोलोनमध्ये छापून आणल्या होत्या. जपानचा माल म्हटलं की गिऱ्हाईक लवकर खिशात हात घालायचं. आम्ही चौघी मागच्या खोलीत भरायचो, तो पुढे सांगायचा, कालच्या विमानाने आले. शेवटी पट्टी शिवायचं काम माझं, कारण माझा टाका दिसायचा नाही."

हॅस्केलने पिशवीतून एक पत्र काढलं. दुकानदार पंचाहत्तर साली अमेरिकेला गेला, तिथेच वारला. त्याच्या मुलाने हे लिहिलं होतं. वडील चांगले पंख जहाजाने टोकियोहून मागवत, स्वस्तातले मात्र तिथल्याच बायका भरत. मी ते वाचून दाखवलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"मुलाला तेव्हा दात येत होते," ती म्हणाली. "त्याला जे सांगितलं ते तो सांगतोय. त्याला दोष नाही. पण मी तिथे होते."

"काही कागद आहे का?" हॅस्केलने विचारलं. "पगाराची पावती, फोटो, काहीही?"

"पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये उत्तरेचं सैन्य शहरात शिरलं, तेव्हा सगळं चुलीत घातलं. नमुन्यांची वही, उरलेले पंख, भरतकामाची चौकटसुद्धा. जरीची रिळं जळत नाहीत, ती कालव्यात टाकली. सगळ्यांनीच जाळलं. ज्यांनी नाही जाळलं त्यांना पश्चात्ताप झाला."

हॅस्केलने वहीत काहीतरी लिहिलं, पण त्याला पटलेलं नाही हे दिसत होतं. तो सभ्य माणूस होता. सभ्य माणसं एखाद्या म्हातारीचं ऐकून घेतात तसं तो ऐकत होता.

आईने आपल्या पुढ्यातला पाचवा पंख पुन्हा हातात घेतला. उलटा केला आणि थांबली. इतका वेळ तिचे हात कामावर असल्यासारखे चालत होते, ते थांबले. तिने तो सुलटा केला. त्या सकाळी पुढून पाहिलेला हा पहिलाच.

"हा डावरा आहे," ती म्हणाली.

हॅस्केलने मान डोलावली. या एका गोष्टीवर त्याचं आणि आईचं एकमत होतं. "आम्ही संग्राहक याला तिसरा प्रकार म्हणतो," तो म्हणाला. "उलट तिरकस टाका. टोकियोतल्या कुठल्यातरी वेगळ्या कारखान्याचा असावा. जगात असे नऊच सापडलेत."

मी भाषांतर केलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"तिसरा प्रकार नाही ती," ती म्हणाली. "ती लिन्ह आहे. माझी धाकटी बहीण. डाव्या हाताने भरायची. लहानपणी वडिलांनी तिचा हात बांधून ठेवला, तरी सुटला की सुई डाव्याच हातात. आमची पिसं उजवीकडून मिटतात, तिची डावीकडून. पूर्ण ओंग ता तिठ्यावर असा हात दुसरा नव्हता."

लिन्हमावशी मला जेमतेम आठवते. केसांना नारळाच्या तेलाचा वास आणि डाव्या हाताने भरवलेला भात, एवढीच. दोघी बहिणी चोपन्न साली, देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा, उत्तरेतून त्यांच्या मामाबरोबर आल्या; आई सोळा वर्षांची, मावशी दहाची. आईवडील गावीच राहिले. एकोणऐंशी साली मावशी का माऊच्या किनाऱ्यावरून देश सोडून जाणाऱ्या एका होडीत बसली. होडीत ऐंशीजण होते असं म्हणतात. पत्र आलं नाही, कोणाच्या पत्रात उल्लेखही आला नाही. आमच्या देव्हाऱ्याशेजारी आजी, आजोबा, बाबा यांचे फोटो आहेत. मावशीचा नाही. मी दोनतीनदा विषय काढला होता, की तीस वर्षं झाली, एखादा दिवस तिच्या मरणाचा धरून तिला उदबत्ती लावू या. शेवटच्या वेळी आईने मला सांगितलं, "मेलेली दाखव, मग लावते."

हॅस्केल निघाला तेव्हा उरलेले सात पंख त्याच्या पिशवीत होते. आपले चार साऊने खिशात कोंबले. हॅस्केल गल्लीत टॅक्सी बघायला पुढे गेला आणि साऊ दारात मागे वळला. आवाज अगदी मऊ होता.

"मावशी, मी तुम्हाला आईसारखं मानून आलो होतो."

"आईसारखं मानून चहात बुडवलेलं कापड आणलंस."

"चौदा वर्षं जुन्या सरकारच्या हवाईदलाची नोकरी केलीत. वॉर्डाच्या कचेरीत माझी ओळख आहे. तुमची मुलगी सरकारी शाळेत. मी काही बोलणार नाही, पण बाजारात तोंडं फार असतात."

दोन हजार नऊ साल होतं. आता असल्या गोष्टींना कोणी विचारत नाही हे मला माहीत होतं आणि तरीही भीती वाटली. लहानपणी शाळेच्या प्रत्येक अर्जावर 'पंचाहत्तरपूर्वी कुटुंबाने काय केले' हा रकाना असायचा आणि बाबा तो भरताना पेन झटकत बसायचे.

आईने परवाचे दोन्ही पोपनस स्वयंपाकघरातून आणले आणि साऊच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ती ठेवणीतला तपकिरी सदरा घालून, केस बांधून तयार.

"कुठे?"

"कचेरीत. त्याची ओळख आहे ना, मग माझीही होऊ दे."

मी समजावून पाहिलं. शाळेला दांडी मारली आणि रस्ताभर समजावलं. ती पुढे आणि मी मागे. नाक्यावर तांदळाच्या वाफवलेल्या पोळ्या विकणाऱ्या बाईने विचारलं, "एवढं नटून कुठे?" तर आई म्हणाली, "गुन्हा कबूल करायला." ती बाई हसली.

रस्ता ओलांडताना मी शेवटी मनात कालपासून घोळत होतं ते विचारलं. "आई, तुमच्या दुकानातून अमेरिकन वैमानिकही घ्यायचे. त्यांचीच विमानं बॉम्ब घेऊन उत्तरेकडे जायची. आजोबा तिकडे होते."

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. स्कूटर आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिल्या.

"मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला? सासष्ट साली गावाजवळचा पूल पडला. मला ते एकोणऐंशीत कळलं, पण पडत असणार हे त्या वेळीच ठाऊक होतं. घरी तुझा बाप आजारी, मामा म्हातारा, लिन्ह लग्नाची. पंख भरले नसते तर पूल राहिला असता असं मला कोणी सांगितलं असतं, तर विचार केला असता. कोणी सांगितलं नाही." ती पुन्हा चालायला लागली. "काम मी केलं. मला ते चांगलं यायचं. आता कोणी मला घाबरवायचंही नाही आणि ते काम दुसऱ्याचं म्हणायचंही नाही."

कचेरीत तिने नंबराची चिठ्ठी घेतली आणि बाकावर बसली. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीत पंचविशीचा एक कारकून होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"कशाचा दाखला हवाय आजी?"

"दाखला नको. नोंद करायला आलेय."

"जन्म, मृत्यू, की राहण्याची?"

"एकसष्ट ते पंचाहत्तर, मी हवाईदलाच्या वैमानिकांचे पंख भरले. इथल्याही आणि अमेरिकनांच्याही. आजपर्यंत कुठल्या अर्जात लिहिलं नाही. आता लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"पंख म्हणजे विमानाचे?"

"शर्टावरचे. जरीचे."

"आजी, तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता."

"म्हणून तर सांगतेय. तुम्हाला कोण सांगणार?"

त्याने ड्रॉवर उघडला, मिटला, दुसरा उघडला. "यासाठी फॉर्म नाही हो."

"वहीत लिहा."

मागे सात माणसं उभी होती. बिचाऱ्याने आवक-नोंदींची वही ओढली, तारीख घातली, आईचं नाव विचारलं आणि एक ओळ लिहिली. आईने मान तिरकी करून वाचली. "भरतकाम लिहिलंत. उशांचंही भरतकामच असतं. पंख लिहा."

त्याने 'भरतकाम'च्या पुढे कंसात 'वैमानिकांचे पंख' असं लिहिलं. आईने खाली सही केली. तो हळूच म्हणाला, "काही अडचण आहे का आजी? कोणी त्रास देतंय का?"

"आता नाही," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी हॅस्केल एकटाच आला, साऊशिवाय. पत्ता लिहिलेला कागद हातात, दारात बूट काढून उभा. चार खोटे पंख त्या म्हातारीने टाका उचलून ओळखले, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. तो मला म्हणाला, "त्यांना विचारा, असं काही आहे का, जे फक्त तयार करणाऱ्याला माहीत असेल?"

"आहे. आत आहे," आई म्हणाली. "पिसं फुगीर दिसावीत म्हणून खाली पुठ्ठा लागतो. आम्हाला चांगला पुठ्ठा मिळायचा नाही. वर्तमानपत्राचे आठ थर भाताच्या खळीने चिकटवून, उन्हात वाळवून आम्ही तो करायचो. टोकियोत जपानी वर्तमानपत्रं असतील. उघडून बघा."

मी सांगताच हॅस्केलने पिशवी छातीशी धरली. "उघडायचा म्हणजे कापायचा? एकेकाची किंमत..." त्याने किंमत सांगितली. माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. मी ती आईला सांगितली नाही.

"चालेल," आई म्हणाली. "नका कापू. पण मग टोकियो असंही लिहू नका. माहीत नाही, असं लिहा. तेवढं तरी खरं होईल."

मी हॅस्केलपुढे बर्फ घातलेला चहा ठेवला, त्यातला बर्फ विरघळला. मग त्याने पाचही पंख मेजावर ठेवले आणि म्हणाला, "कुठला, ते त्यांनी ठरवावं."

आईने लगेच एक उचलला. "हा माझा स्वतःचा. माझ्या कामाची मला परवानगी लागत नाही."

मी दाढीचं पातं आणून दिलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटांनी चाचपत अस्तराचे टाके एकेक करून सोडवले. कापड कुठे चिरलं नाही. जरीला धक्का लागला नाही. अस्तर पापुद्र्यासारखं उघडलं आणि आत पिवळट तपकिरी पुठ्ठ्याची कड दिसली. तिने पात्याच्या टोकाने वरचा थर उचलला.

हॅस्केल भिंग घेऊन वाकला. त्याला आमची भाषा वाचता येत नव्हती, पण लिपी ओळखता येत होती: डोक्यावर टोप्या घातलेली आणि पोटाखाली ठिपके दिलेली आमची रोमन अक्षरं. जपानी एकही नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. वैद्याची जाहिरात होती. 'जुना खोकला, दमा', पुढचं पिसाच्या आकारात कापलेलं, आणि खालच्या ओळीत 'ओंग ता तिठा, सकाळी सात ते'.

हॅस्केलने भिंग खाली ठेवलं. "तीस वर्षं मी लोकांना टोकियो सांगत आलो," तो म्हणाला. "दोन लेख लिहिले."

"तो वैद्य बरा होता," आई म्हणाली. "सात म्हणायचा आणि आठला उघडायचा."

हे मी सांगितलं तेव्हा तो हसला, आणि मग त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

माणूस एकदा पटला की त्याला थांबवणं कठीण. त्याने फोटो काढले, मोजमापं घेतली, आणि मग हात लिन्हमावशीच्या पंखाकडे गेला. हाच सगळ्यांत दुर्मिळ, याच्याही आतलं मिळालं तर पुस्तकात कोणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही, असं तो म्हणाला.

आईने तळहात त्या पंखावर ठेवला. "हा नाही."

"पण तुम्ही पुन्हा शिवू शकता. आत्ताचा शिवणारच आहात ना?"

"माझा माझ्या हाताने शिवीन. हा शिवायला डाव्या हाताचं कोण आहे तुमच्याकडे? तिने बंद केलाय, बंदच राहील."

पंख त्याचा होता. त्याने तो विकत घेतला होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्याने हात मागे घेतला. मग थोड्या वेळाने तो चाचरत म्हणाला की, आईंना हरकत नसेल तर हा पंख त्यांनी ठेवून घ्यावा. भेट म्हणून.

मला वाटलं ती घेईल. तिचा हात अजून त्यावरच होता.

"नको," ती म्हणाली आणि हात काढला. "तिने तो कोणासाठी तरी भरला, त्याने तो छातीवर लावला. परत कशाला घ्यायचा? त्यापेक्षा तिचं नाव लिहा. आमच्या चौघींची नावं लिहा."

हॅस्केल अवघडला. अशा पुस्तकांत दुकानाचं नाव देतात, तो म्हणाला. कामगारांची नावं कोणी देत नाही, तशी पद्धत नाही.

"मग दुकानदाराला विचारा आत काय आहे ते."

"ते वारले."

"हो ना," आई म्हणाली. "मी आहे."

त्याने वही तिच्यापुढे सरकवली. आईने चार नावं लिहिली, मोठ्या, शाळकरी अक्षरात. लिहून झाल्यावर एकेका अक्षरावर पेनाचं टोक टेकवत तिने मला सांगितलं, "त्याला म्हणावं टोप्या आणि ठिपके गाळू नकोस. गाळलेस तर ती दुसऱ्याच बायकांची नावं होतात." मग सुईत दोरा ओवून मागितला आणि तो उघडा पंख वीस मिनिटांत बंद केला. हॅस्केलने तो बाकीच्या चारांत मिसळून पाहिला आणि त्याला तो वेगळा काढता येईना.

साऊ पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. पण बातमी बाजारात पोचली, कशी कोण जाणे. सहा महिन्यांत जुन्या बाजारात पोटात वर्तमानपत्र घातलेले पंख मिळायला लागले. शेजारणीच्या जावयाने एक आणून दाखवला. आईने कड उचलून पाहिली. आत फुटबॉलच्या सामन्याचा रंगीत फोटो होता आणि मोबाईल फोनची जाहिरात. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

हॅस्केलची ईमेल मात्र येत राहिली. तो काटेकोर माणूस होता. चौघींपैकी कुकताई आणि दान्हवहिनी वारल्या होत्या, त्यांच्या मुलांकडून मी जन्ममृत्यूची सालं मिळवून पाठवली. आईचं जन्मसाल पाठवलं. मग त्याने लिन्हमावशीबद्दल विचारलं. अगदी जपून लिहिलं होतं. जन्म चव्वेचाळीस, पुढे काय लिहावं? अशा वेळी 'अंदाजे एकोणऐंशी' असं लिहितात, किंवा प्रश्नचिन्ह टाकतात.

मी आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"प्रश्न कोणाला पडलाय?" ती म्हणाली.

"पुस्तकवाल्यांना."

"मला नाही पडलेला. चव्वेचाळीस लिही. पुढे रेघ मार."

"आणि रेघेपुढे?"

"रेघेपुढे काही नाही."

मी तसं कळवलं. प्रकाशकाकडून परत विचारणा आली, छपाईत चूक वाटेल म्हणून. मी आईला पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा हॅस्केलनेच त्यांना परस्पर काहीतरी सांगितलं असावं, कारण नंतर कोणी विचारलं नाही.

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पोस्टमनला सही देऊन घ्यावं लागलं. मी शाळेला निघाले होते, तशीच दारात थांबून पाकीट फाडलं आणि पान शोधून तिच्यापुढे धरलं. वर ठळक अक्षरांत 'सायगॉन, ओंग ता तिठा'. टोकियो कुठेही नव्हतं. खाली चार नावं, सगळ्या टोप्या आणि सगळे ठिपके जागच्या जागी. कुकताईपुढे दोन सालं, दान्हवहिनीपुढे दोन सालं.

मग फुंग थी थोआ, १९३८ –

आणि तिच्या खाली फुंग थी लिन्ह, १९४४ –

आईने दोन्ही ओळींवरून बोट नेलं, आधी स्वतःच्या, मग मावशीच्या. शेवटी बोट कागदाच्या पांढऱ्या भागात गेलं आणि तिथेच थोडा वेळ राहिलं. मग तिने पुस्तक माझ्या हातून घेऊन मेजावर ठेवलं.

"जा," ती म्हणाली, "तुझा पहिला तास आहे."